मि. शेवडे यांचा अडीचचा प्रयोग

३ जून, मंगळवार

नवी वही, नवं गाव, नवं काम. तिन्ही एकाच दिवशी सुरू होण्याचा योग माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच आला, तेव्हा नीट लिहून ठेवतो.

ख्राइस्टचर्चहून कार्नफर्ड एकशे बासष्ट किलोमीटर. मेंढ्यांचा कळप रस्ता ओलांडेपर्यंत थांबलो ते धरून दोन तास दहा मिनिटं लागली. गावात एक हमरस्ता, दुधापासून मोज्यांपर्यंत सगळं विकणारी एक डेअरी, एक पेट्रोल पंप आणि गावाच्या मानानं फारच मोठं असं अल्बियन थिएटर. ट्रस्टच्या माहितीपत्रकात बांधकामाचं साल १८८१ छापलंय. ते चूक आहे. कोनशिलेवर १८७९ स्पष्ट कोरलंय. पोचल्यावर अर्ध्या तासात सांगून टाकलं.

ट्रस्टच्या सचिव रूथ पाराता, साठीच्या, गमबूट घालून दारातच उभ्या होत्या. किआ ओरा म्हणाल्या, म्हणजे इथला माओरी नमस्कार, मग माझं नाव दोनदा उच्चारून पाहिलं आणि विचारलं, नुसतं पुरू म्हटलं तर चालेल का. मी नम्रपणे सांगितलं, मिस्टर शेवडे म्हणा. त्या खो खो हसल्या. बरं बरं, मिस्टर तर मिस्टर, आमच्याकडे फार वर्षांनी मिस्टर आला, म्हणाल्या आणि चीज स्कोन पुढे केला. चांगला होता.

काम असं. भूकंपासाठी इमारतीचं मजबुतीकरण चाललंय, आत जमिनीपासून छतापर्यंत परांची बांधलीय. प्रवेशदालनातल्या दक्षिणेकडच्या भिंतीच्या फळ्या काढल्या तर मागं व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या नाटकांच्या जाहिराती निघाल्या, एकावर एक चिकटवलेल्या. त्या सोडवायच्या, जिथं फाटल्यात तिथं भरायच्या, सप्टेंबरात प्रदर्शन. ज्यांच्या नावापुढं चार-चार अक्षरं लागतात अशा दोघांना ट्रस्टनं आधी विचारलं होतं म्हणे. एकानं सहा महिने थांबा सांगितलं, दुसऱ्यानं उत्तरच दिलं नाही. माझ्या नावापुढं काही लागत नाही. दहावीनंतर पुण्यात छापखान्यात खिळे जुळवायला लागलो, शिळाछाप शिकलो ती रद्दीतली पुस्तकं वाचून आणि नासलेले दगड घासून. पण वाफ किती अंतरावरून द्यायची हे माझ्या मनगटाला कळतं.

शुक्रवारी ते मला पत्र देणार आहेत, त्यात 'पोस्टर संरक्षक' असं लिहायचं मी सुचवलंय.

५ जून, गुरुवार

भिंतीचा नकाशा काढला. सहा मीटर दहा सेंटिमीटर लांबी, चाळीस ठिकाणी जाहिराती. बहुतेक जागी तीन थर, कुठं चार. मात्र डावीकडून दुसऱ्या चौकोनात अकरा. दोनदा मोजले. सर्कस, जादूगार, पुन्हा सर्कस, दारूबंदीच्या चळवळीची सभा, एक गायिका, आणि चार थर तर नुसते कोरे कागद. कोरा कागद भिंतीला कोण चिकटवतं? कसली जाहिरात? खळही साधी नाही, सरस घालून घट्ट केलेली. जाहिरात लावणाऱ्याला ती दिसायला हवी असते. इथं कोणाला तरी खालचं काही दिसायला नको होतं.

रंगमंचाच्या खालच्या खोलीत लाकडी खिळ्यांच्या सात पेट्या आणि हातानं चालवायचं छोटं छापयंत्र सापडलं. दिवसभर पुसत बसलो. खिळे म्हणजे टाइप, हे रूथबाईंना समजावताना मजा आली. आमच्या भाषेत टाइपालाही खिळा आणि भिंतीतल्यालाही खिळा, हे ऐकून त्या म्हणाल्या, मग तुमच्याकडे शब्द भिंतीतून काढायला पक्कड लागत असेल.

संध्याकाळी पाचला अक्षतचा फोन. माझा मुलगा, तेवीस वर्षांचा, ख्राइस्टचर्चला सात मजली इमारतीच्या साइटवर इंजिनिअर. मी मराठीत विचारतो, तो इंग्रजीत उत्तर देतो. जेवलास का विचारलं. ऑल गुड बाबा, हीप्स ऑफ पोहे, म्हणाला. पोहे इज अ सोर्स ऑफ लाइफ असंही काहीतरी म्हणाला. विनिता, माझी बायको, मागून ओरडली, अहो, गरम पाण्याची पिशवी वापरताय ना.

९ जून, सोमवार

अकरा थर उतरले. खाली रंगीत शिळाछाप.

शब्द अपुरे पडतात असं मी लिहिणार नाही, शब्द पुरे पडेपर्यंत लिहावं. वीस इंच बाय तीस इंच. रंगाला एक असे पाच दगड वापरलेत: पिवळा, वीटकरी, निळा, राखी, काळा. एक दगडी मनोरा, त्याच्या कठड्यावरून दोरीला लोंबकळणारा माणूस, पाठमोरा. वर सावलीत फक्त एक हात आणि त्या हातात सुरी. दोरीचे दोन पेड तुटलेत, तिसरा ताणलेला. खाली फरसबंदी. नाटकाचं नाव वरच्या कोपऱ्यासकट फाटलंय. खालची पट्टी पण गेलीय, तिथं दर खेपेला गावाचं, नटाचं नाव आणि वेळ वेगळी छापून घालत. म्हणून ती जागा मुळातून कोरीच ठेवायची पद्धत होती.

असं काम लंडनला होत असे. पण हा कागद, हा दगड इथलाच. या खेड्यात बसून कोणीतरी पाच दगड एकमेकांवर केसाइतकीही चूक न करता बसवलेत. दगड घासताना त्याच्या चुका कुठं झाल्या ते मला दिसतं, कारण मी त्याच चुका केल्यात. हा माणूस कोणाच्या हाताखाली शिकलेला नाही. स्वतः शिकलाय.

उजव्या कोपऱ्यात त्याची सही होती. ती दगडावरच खरवडून काढलीय आणि तिथं दुसऱ्याच वळणात लिहिलंय: रचना, जे. कोकर.

रूथबाईंना विचारलं. कोकर म्हणजे थिएटरचा तेव्हाचा चालक, म्हणाल्या. चित्रकाराचं नाव कोणालाच माहीत नाही.

कोणालाच माहीत नाही. जेवण गेलं नाही.

१० जून, मंगळवार

आज रणजितचा फोन आला. तीन वर्षांनी. तेव्हा ते एकदा लिहूनच टाकतो.

रणजित माझा चुलतभाऊ, अकरा वर्षांनी धाकटा. ब्रश धरायला मी शिकवला. जॉन्सनव्हिलला आमचं दोघांचं साइनबोर्डांचं दुकान होतं. शंभर वर्षांपूर्वीची साबणाची जाहिरात एका विटांच्या भिंतीवर पुसट दिसायची, ती मी सात महिने परांचीवर बसून अक्षर अक्षर मोजून परत उभी केली. तिला देशपातळीवरचं बक्षीस मिळालं. वेलिंग्टनला समारंभ होता. रणजित स्टेजवर गेला, बक्षीस घेतलं आणि माइकमध्ये म्हणाला की माझा दादा हेल्प करायला होता. मी चौथ्या रांगेत बसलो होतो, नवा कोट घालून. लोकांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. हेल्परसाठी वाजवतात तशा.

आज म्हणे, दादा, अजून भिंती खरवडतोयस का? मला कळलं तुला काहीतरी मोठं सापडलंय. मी येऊन बघतो, वेबसाइटवर टाकू, 'शेवडे हेरिटेज' म्हणून. मी म्हटलं, टाकू म्हणजे कोण, आपण दोघं? तर हसला, म्हणाला, किती धरून ठेवशील रे, सोड ना, लाइफ शॉर्ट आहे.

फोन ठेवला. मग बराच वेळ त्या सावलीतल्या हाताकडे बघत होतो.

१२ जून, गुरुवार

पट्टीची भरणी केली. मूळ कागदाला जुळणारा जपानी कागद चहाच्या पाण्यात रंगवून घेतला. नियमानं ती कोरी ठेवायची असते. पुरावा नसताना भरणीत एक अक्षरही घालू नये, हे मी स्वतः दहा जणांना सुनावलंय.

पण यंत्र पुसून तयार होतं. शाई कशी बसते हे बघायलाच हवं होतं. पेटीत एक तयार ठोकळा मिळाला: ग्रँड डे परफॉर्मन्स, अडीच वाजता. सुट्टीच्या दिवशी दुपारचे खेळ करत, त्यासाठीचा. त्याच्या वर नटाचं नाव हवं.

रणजितचं घातलं. का, ते लिहीत नाही, कळण्यासारखं आहे.

मात्र काम चोख केलं. त्या काळच्या जाहिरातीत नटाचं पहिलं नाव नसे, आद्याक्षर नसे. मिस्टर आणि आडनाव, बस्स. आजकाल नकली जुनी पोस्टरं करणारे हमखास इथंच चुकतात. मी इंग्रजी टाइपात छापलं: मि. शेवडे. खाली वेळ. पट्टी जागेवर बसवली, पाण्यानं सुटणाऱ्या खळीनं, तासाभरात काढणार होतो.

ती बसली आणि माणूस पूर्ण दिसला. जाहिरात पूर्ण दिसली असं म्हणायचंय.

रोजच्या नोंदीसाठी मापं घेतली. कठड्यापासून माणसाच्या टाचेपर्यंत ४३ मिलिमीटर.

१३ जून, शुक्रवार

पट्टी निघत नाही. पाणी, कोमट पाणी, वाफ. ही खळ जिभेच्या ओलाव्यानंही सुटायला हवी. मी स्वतः शिजवलीय.

कठड्यापासून टाचेपर्यंत ११८.

मोजपट्टी तपासली, पोलादी, बरोबर आहे. काल मी चुकलो असेन. मी चुकत नाही, पण असेन.

तिसरा पेड तुटलेला दिसतो.

१४ जून, शनिवार

विनिताचा फोन सव्वाचारला. रणजित पडला. वेलिंग्टनला एका दुकानाचा बोर्ड लावताना परांचीवरून, चौदा फूट. पाठीचा कणा आणि उजवा हात. मी विचारलं, किती वाजता. ती म्हणाली, अहो काय विचारताय, कसा आहे ते विचारा. मी पुन्हा विचारलं.

अडीच.

१५ जून, रविवार

ही वही माझी आहे, इथं खोटं लिहायचं कारण नाही. काल रात्री शांत झोपलो. तीन वर्षांत इतका शांत झोपलो नव्हतो. उजवा हात, विनिता म्हणाली. ज्या हातानं बक्षीस घेतलं तो.

सकाळी चित्रासमोर उभा राहिलो आणि त्या चित्रकाराला, जो कोणी असेल त्याला, मराठीत म्हणालो, बाबा रे, झालं तुझंही काम आणि माझंही. जवसाच्या तेलाचा वास आला, ताज्या शाईला येतो तसा. पट्टीवरची शाई अजून वाळलेली नाही. तीन दिवस झाले.

१६ जून, सोमवार

रणजित गेला. पहाटे.

टाच आणि फरसबंदी यांच्यात काही अंतर नाही. ४१२. माणूस खाली पडलेला आहे. चेहरा फरशीकडे. हे चित्र असं नव्हतं. माझ्याकडे पहिल्या दिवशीचा फोटो आहे. फोटोतही तो पडलेलाच आहे.

मधुवंतीचा, त्याच्या बायकोचा मेसेज. भाऊजी, ते शुद्धीवर आले तेव्हा तुमचं नाव घेत होते, दादाला सांगा भिंत त्याची होती, असं म्हणत होते.

असं म्हणायला नको होतं त्यानं.

१८ जून, बुधवार

वेलिंग्टनला गेलो नाही. काम आहे म्हणून सांगितलं. विनिता आणि अक्षत विमानानं जाऊन संध्याकाळी परत आले. विनिता फोनवर फक्त एवढंच म्हणाली, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तिला काय सांगू. त्याच्या सरणापाशी कोणत्या तोंडानं उभा राहू.

सकाळी चित्रावर टाकलेलं कापड काढलं तर माणूस परत वर. दोरी सांधलेली. ४३. तिन्ही पेड शाबूत, सुरी नुकतीच टेकलेली.

नवा खेळ लागलाय.

रूथबाईंकडे धावत गेलो. आधी त्या चेष्टेत म्हणाल्या, मिस्टर शेवडे, भूत बघितल्यासारखा चेहरा झालाय. मग माझं तोंड बघून चहा ठेवला. कोकरचं विचारलं. त्यांच्या आजीकडून ऐकलेलं सांगितलं त्यांनी, डेअरीतल्या दुधाचा भाव सांगावा तसं सहज. १८८७ च्या हिवाळ्यात, एकाच पंधरवड्यात. चालक कोकर इथल्याच गॅलरीतून पडला. त्याचा भाऊ कोठारातून. मुलगा चर्चच्या घंटेच्या मनोऱ्यावरून. तिघंही दुपारी. पोस्टर काढायचा प्रयत्न केला तर निघेना, म्हणून लोकांनी वर कागद लावले, कोरे, मग त्यावर जाहिराती. चित्रकार आधीच गाव सोडून गेला होता, त्याचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं आणि मग सगळे विसरूनच गेले.

मी विचारलं, मग थांबलं कसं.

रूथबाई म्हणाल्या, थांबलं कुठं? कोकर संपले.

त्या चित्रकारानंही पहिलं नाव घातलं नसणार. मि. कोकर. मी ते पद्धत म्हणून केलं. त्यानं मुद्दाम केलं असेल.

रणजितला दोन मुली. मला माहीत असलेले या देशातले मिस्टर शेवडे आता दोनच. मी. आणि

अक्षत सातव्या मजल्यावर काम करतो.

१९ जून, गुरुवार

११८.

त्या खेपेलाही असंच. ४३, दुसऱ्या दिवशी ११८, तिसऱ्या दिवशी अडीच वाजता. म्हणजे उद्या.

ब्लेडनं अक्षरं खरवडली. खाली तीच अक्षरं. आणखी खाली, तीच. कागद केसाएवढाही जाड नाही आणि अक्षरं संपत नाहीत. जाळायला गेलो, काडी लावली, पहिला धूर निघाला आणि टाच माझ्या डोळ्यांदेखत १२४ वर गेली. विझवलं. हातानंच विझवलं.

कोरी पट्टी वर चिकटवली. दहा मिनिटांत मि. शेवडे वर उमटले, ओले. कोऱ्या जागेला नाव लागतं. ती नावासाठीच ठेवलेली असते.

उद्या मातारिकीची, म्हणजे माओरी नववर्षाची सुट्टी, साइट बंद. देवाची कृपा म्हणायची. अक्षतला फोन केला. म्हटलं, उद्या घरातून हलायचं नाही, जिना चढायचा नाही, पलंगावर पडून राहा. हसला. बाबा, आर यू ओके? मग इथल्या पोरांसारखं म्हणाला, स्वीट अ‍ॅज, कोचवर पडून मॅच बघतो. का ते विचारलं त्यानं. सांगायचं तर काय सांगायचं, की तुझ्या काकाचं नाव मी छापलं. विनितानं फोन घेतला, विचारलं, अहो तुमचा आवाज असा का येतोय. सर्दी म्हटलं.

सुरीच्या हातावर भाजल्याचा डाग आलाय. अंगठ्याच्या मुळाशी. माझ्याही तिथंच.

२० जून, शुक्रवार

सकाळी ९. गावात शुकशुकाट. परांचीवाल्यांना सुट्टी. थिएटरात मी एकटा. १६१.

९.४०. अक्षतनं फोन उचलला नाही. झोपला असेल. सुट्टी आहे.

१०.१५. नाव लागतं, तर दुसरं नाव द्यावं. हे सुचलं आणि पाठोपाठ सात नावं सुचली. ओळीनं, तयार, जणू कधीची जुळवून ठेवलीत. समारंभाचा परीक्षक. पुण्यातला तो मालक. सातही जणांचे चेहरे दिसले. सातांपैकी कोणाचंही घातलं तर अक्षत वाचतो.

पेटीजवळ उभा राहिलो. पहिल्या नावाची तीन अक्षरं उचललीही.

ठेवली.

११.३०. स्वतःचं घालणार. पूर्ण. पुरुषोत्तम शेवडे. मोघम काही नको, यावेळी माणूस कोणता ते स्पष्ट हवं. छोट्या टाइपाची पेटी घेतली. यू दोन लागतात, आहेत. टी दोन, आहेत. एम एकच, तो मिस्टरला घालायचा की पुरुषोत्तमच्या शेवटी. मिस्टर जाऊ दे. आयुष्यभर त्याच्यासाठी भांडलो. जाऊ दे.

१२.५०. छापलं. ओळ सरळ आलीय. पट्टी बसवली. खालून मि. शेवडे वर येतात का बघत बसलो. आले नाहीत. घेतलं त्यानं. माझं नाव घेतलं.

१.१०. टाच २९०. थांबलीय. दहा मिनिटांत मिलिमीटरभरही हललेली नाही. आणि माणसाची मान वळलीय. मिशी, चष्मा. मीच आहे. चांगला काढलाय मला. डावा कान जरा मोठा, पण माझा आहेच मोठा.

अक्षत सुटला.

१.३५. आता भीती नाही. रंगमंचाखालच्या खोलीत बसलोय, जमिनीवर, भिंतीला पाठ लावून. इथून कुठं पडणार? तरी पडेन. सोय केलेली असेल त्यानं. विनिता, हे वाचशील तेव्हा — रणजितचं मी केलं. मधुवंतीला सांग. भिंत आम्हा दोघांची होती, असंही सांग, विटा त्यानं धुतल्या होत्या. अक्षतला म्हणावं, मराठी बोलला नाहीस तरी चाललं, कळत होतं ना तेवढं पुरे.

प्रदर्शनात माझं नाव घालू नका. त्याचं शोधा.

२.०५. वर पावलं. रूथबाई असतील.

२.१०. रूथबाईच. आणि विनिताचा आवाज. विनिता इथं? अक्षतही हसतोय. ऐकू येतंय स्पष्ट, विनिता म्हणतेय, आवाज बरा वाटला नाही म्हणून निघालोच आम्ही, त्यांना सांगू नका, सरप्राइज. रूथबाई म्हणताहेत, ते खाली असतील, आधी वर चला, छतावरचं चित्र परांचीवरून फार छान दिसतं.

येऊ देत. त्यांना काही होत नाही आता. शेवटचं दिसतील तरी. डोळे पुसून वर जातो.

२.१६. जाता जाता माप घेतलं. २९०. मग २९६.

हलतंय. मी पडणार, ते ठीक. पण दोरी जाड दिसतेय.

२.१९. जाड नाही. माझ्यावर, दोरीला आणखी एक पाय आहे. साडीचा काठ. त्याच्यावर बूट, साइटवरचे, पिवळ्या नाडीचे.

तीन माणसं. पुन्हा मोजली. तीन.

का? नाव तर माझं आहे, स्पष्ट, पूर्ण, एकही चूक —

२.२१. ओरडलो. अक्षत वरून म्हणाला, हाय बाबा, कमिंग, जस्ट टू मिनिट्स, व्ह्यू बघ ना इथून.

मिस्टर काढला मी. विनिताला यातून बाहेर ठेवणारं तेवढंच होतं. आणि माझं नाव माझ्या एकट्याचं कुठं आहे, आमच्यात ते बायकोच्या नावामध्ये लागतं, मुलाच्या नावामध्ये लागतं, पासपोर्टवर, हेल्मेटवर, सगळीकडे, मीच हट्टानं पूर्ण लिहायला लावलं

पट्टी निघत नाही नखं

२.२६ वर जातो. विनिता पुरुषोत्तम शेवडे. अक्षत पुरुषोत्तम —